रक्त जुळलं नाही

(आंजी (मोठी) इथल्या वेणूबाई भोयर यांनी आपल्या पिठाच्या चक्कीवर बसून सांगितलं. चक्की चालू झाली की त्या थांबत, बंद झाली की पुन्हा बोलू लागत. त्यांची बोली शक्य तेवढी तशीच ठेवली आहे.)

माहेर माह्यं सेलूकडचं. आमी बहिणीच बहिणी, मी मधातली, आन रंगानं सगळ्यात काळी, हाडापेरानं बापासारखी थोराड, म्हून पाह्याले आलेले लोकं चहा पिऊन उठून जात आन मंग निरोपच नाही. माह्या मागच्या बहिणी उजवल्या तरी मी घरीच. मंग हे आंजीचं स्थळ आलं. बिजवर होता, पहिली बायको निंघून गेलती, घरात लहानसं पोरगं होतं, थोडकं वावर होतं आन ही चक्की होती. बापानं मले इचारलं नाही, आन म्याबी काही म्हणलं नाही. काय म्हणणार होती?

लग्न होऊन आली, माप लवंडून आत पाय ठेवला, आन सासूनं ते पोरगं माह्या वटीत टाकलं. नुकताच गोवर निंघून गेलता त्याचा, डोये चिकटलेले, नाक वाहून राह्यलं, अंगावर मास नाही. सासू म्हणे, घे बाई, याची माय याले टाकून पयाली, आता तूच याची माय. मंगेश नाव त्याचं. तो मले पाहून जो रडला, जो रडला का बाप्पा, मले वाटलं हे पोरगं फुटते आता. मंग रडून रडून थकला आन माह्या शालूची किनार मुठीत धरून झोपला. लग्नातली लोकं जेवून राह्यली होती आन मी नवी नवरी एका जागी बसून, हालली तर तो उठन म्हून.

मले सोताचं झालं नाही. इलाज केले, नाही झालं. पण काय सांगू ताई तुमाले, मले त्याचं दुख फारसं कवा वाटलंच नाही, कारण का घरात पोरगं होतंच. शाळेत नाव टाकाले गेलो तवा मास्तरनं आईचं नाव इचारलं, सासू म्हणे वेणू. तेच शाळेच्या दाखल्यावर, तेच राशन कार्डावर, तेच आधारवर. सगळीकडे मंगेशची आई वेणू. त्याले माईत होतं, मोठ्या पोट्ट्यायनं शाळेत चिडवलं होतं त्याले, का तुही माय खरी नाही म्हून. घरी आला, दप्तर फेकलं आन म्हणे, माय, तू खोटी आहेस का? म्या म्हणलं, चिमटा काढून पाह्य. त्यानं काढला चिमटा, चांगला जोरात. मी ओरडली. तर हासला आन म्हणे, खरीच आहेस. मंग पुन्हा त्यानं इचारलं नाही आन म्या सांगतलं नाही.

आमचे मालक दारूचे होते. आपला जिल्हा दारूबंदीचा आहे म्हणते, पण ज्याले प्याची त्याले भेटतेच. ते त्याच्यातच गेले, पोरगा दहावीत होता तवा. त्याईले भाऊ ना बहीण, एकटेच होते. सासू त्याच्या आधीच गेलती. मंग मी आन मंगेश, आन ही चक्की. तो चक्कीच्या पायरीवर उभा राहून वरून धान्य टाके, लहानपणी याच पायरीवर तोंडावर पडला आन समोरचा दात अर्धा तुटला त्याचा, आडवा नाही, असा तिरपा. आन डावा हात लिंबावरून पडून मोडला होता, तो थोडासा वाकडाच जुळला.

मोठा झाल्यावर गावातल्या सचिनच्या गाडीवर डायवर म्हून लागला. मालवाहू गाडी, इथला कापूस हिंगणघाटच्या जिनिंगमधी न्याचा, येताना ढेपा, सरकी, जे भेटलं ते आणाचं. सचिन याच्याच बरोबरीचा, दोघं संगंच वाढले, माह्या हातचं खाल्लं त्यानं. मंग त्या सचिननं गाडीत गठ्ठ्यायच्या खाली दारूच्या पेट्या टाकणं सुरू केलं. मंगेशनं बापाले दारूपायी मरताना पाह्यलं होतं. मले म्हणे, माय, मी त्याच्या गाडीवर जात नाही आता, किल्ली देऊन येतो. म्या म्हणलं, दे बाबा, आपण चक्कीच चालवू, पण भांडू नोको. तो म्हणे, भांडत नाही, संध्याकायी रोडगे कर. दुपारची येळ होती. चप्पल घालून गेला.

तो गेला तो गेलाच.

सचिन म्हणे, मले किल्ली देल्ली आन वर्ध्याच्या बसमधी बसला. पोलीस ठाण्यात गेली तर तिथले सायब म्हणे, मावशी, जवान पोरगा आहे, पोरीबिरीच्या मांगं पुण्याले गेला असन, येते फोन. बेपत्ता म्हून लिहून घेतलं. मी जाओ, बसो, पाणी पिऊन वापस येओ. लोकं म्हणे, सावत्र मायपाशी किती दिवस राहीन तो? ज्या बाया म्हणत त्याईच्या पोराईले म्या याच चक्कीवर गूळ देल्लेला.

मंग एका उन्हाळ्यात वर्ध्याजवळ नालवाडीकडे, जिथं नवे लेआउट पडून राह्यले तिथं, एका जुन्या इहिरीतला गाळ मशीननं उपसाचं काम चालू होतं, आन त्याच्यातून हाडं निंघाली. माणसाची. ठाण्यातून मले फोन आला. तवा नव्या मॅडम आल्या होत्या, लहानशा अंगाच्या, पोरीसारख्या, पण बोलणं कडक. त्याईनं मले दवाखान्याच्या मांगच्या खोलीत नेलं, जिथं मुडदे ठेवते. डॉक्टर म्हणे, पुरुष आहे, पंचविशीच्या आसपासचा, डावा हात कवातरी मोडून जुळलेला आहे, आन डोक्याले मांगून काहीतरी जड मारलेलं आहे. ते काय काय सांगून राह्यले होते, मी आयकतच नव्हती. माही नजर त्या दातावर होती. तसाच तिरपा. म्या म्हणलं, सायब, हा माहा मंगेश आहे.

मॅडमनं माह्या खांद्यावर हात ठेवला. म्हणे, मावशी, तुमी म्हणता ते खरं असन, पण कोर्टात दात चालत नाही, डीएनए कराव लागन, तुमचं रक्त द्या, हाडातलं आन तुमचं जुळलं का मंग पुढं कोणी काही बोलू शकत नाही. म्या म्हणलं, घ्या, किती घेता घ्या. तिथं एक माणूस कागदावर लिहून राह्यला होता, तो म्हणे, मृतकाची कोण? म्या म्हणलं, आई. त्यानं लिहिलं आई. सुई टोचली, रक्त घेतलं, नळीवर चिठ्ठी लावली, लाखेचा शिक्का मारला, माहा आंगठा घेतला.

आता तुमी सांगा ताई, त्याच्यात म्या काय खोटं सांगतलं? डीएनए म्हंजे काय ते मले माईत होतं का? मले वाटलं, माय आहे म्हून रक्त घेते, जशी सही घेते. कोणं इचारलं असतं का बाई हा तुह्या पोटचा आहे का, तर म्या सांगतलं असतं, नाही म्हून. कोणंच नाही इचारलं. मले म्हणे आई, तर म्या म्हणलं आई.

मॅडमनं सचिनले उचलून आणलं, चौकशी सुरू झाली, त्याची गाडी पाह्याची म्हणे, फळ्यायच्या सांदीत रक्त राह्यते, धुतलं तरी राह्यते, औषध मारलं का चमकते. मले धीर आला. पण पहिले हे हाडं कोणाचे ते तं ठरू द्या, असं वरचे सायब म्हणे. महिने गेले. मंग मले बोलावलं. मॅडमच्या हातात कागद होता, पण आवाज बदललेला. म्हणे, मावशी, हा तुमचा पोरगा नाही. म्या म्हणलं, असं कसं? म्हणे, रक्त जुळलं नाही, हाडं ज्याची आहे तो तुमच्या पोटचा नाही. म्या म्हणलं, हाव, तो माह्या पोटचा नाहीच, पण पोरगा माहाच आहे.

त्या मॅडम खुर्चीतून उठल्या. काय चिडल्या, काय चिडल्या! मावशी, हे आता सांगता? आधी काऊन नाही सांगतलं? तिकडे वरच्या सायबानं सचिनले सोडून देल्लं, म्हणे हाडं दुसऱ्याचे आहे तर याले कोणत्या खुनात धराव. ठाण्यातला एक शिपाई माह्यासमोर म्हणे, बुढीनं पोलिसाले येडं बनवलं. गावात गोष्ट आली. सचिननं ढाब्यावर पार्टी देल्ली, आन आठवड्याच्या आत ती गाडी इकून टाकली, भंगारवाल्याले, तोडाले.

मॅडम शांत झाल्यावर म्हणे, बापाचं कोणी आहे का? भाऊ, काका, पुतण्या? बापाच्या घरच्या पुरुषाच्या रक्तावरूनबी जुळवता येते. म्या म्हणलं, कोणीच नाही. म्हणे, मंग जिनं जलम देल्ला ती पाह्यजे, जित्ती आहे का? म्या म्हणलं, मंदा नाव तिचं, हिंगणघाटले देल्ली होती दुसऱ्यांदा, आयकून आहे. म्हणे, आमी नोटीस पाठवतो. म्या म्हणलं, नोका पाठवू, पोलीस दारात गेले तर ती नाहीच म्हणन, मी जातो.

गेली मी. मेन रोडच्या आत कपड्याचं दुकान होतं त्याईचं, साड्यायचं. नवरा गल्ल्यावर बसून, आन ती आत गादीवर साड्या दाखवून राह्यली होती. म्या तिले पहिल्यांदाच पाह्यलं, पण ओळखली. तेच नाक, तेच कपाळ. मी जाऊन समोर बसली. ती म्हणे, काय दाखवू बाई, रोजची का लग्नाची? म्या हळूच म्हणलं, मी आंजीची, देवराव भोयरच्या घरची. तिचा हात घडीवरच थांबला. तिनं गल्ल्याकडे पाह्यलं. मंग मोठ्यानं म्हणे, हे पाहा, हा रंग नवीन आला, आन साडी माह्यासमोर उलगडली, आन हळूच म्हणे, काऊन आल्या?

असं आमचं बोलणं झालं ताई. ती एकामांगून एक साडी उलगडे, मी हात लावून पाह्यल्यासारखं करो, आन मधात बोलो. म्या सांगतलं, मंगेश गेला, मारला त्याले, हाडं भेटली, माह्यं रक्त चालत नाही, तुह्यं पाह्यजे. ती म्हणे, मले जमत नाही, माह्या पोरीचं लग्न जमून राह्यलं, इथं माही फारकत माईत आहे सगळ्याईले, पोराचं कोणालेच माईत नाही, त्यालेबी नाही. म्हंजे नवऱ्याले. म्या म्हणलं, एक सुई टोचाची आहे बाई, दुसरं काई मागत नाही. आन मंग माह्या तोंडातून निंघून गेलं, टाकून गेलती त्याले तवा, आता एवढं तरी कर.

तिनं साडी खाली ठेवली. म्हणे, टाकून गेली मी? कोण म्हणे? तुमच्या सासूनं माह्या हातातून ओढला त्याले, आत नेऊन कडी लावली, माह्या छातीत दूध होतं तवा. बापाले घेऊन वापस आली, तर अंगणातून हाकललं, पुन्हा आली, पुन्हा हाकललं. तुमच्या मालकानं माह्या बापावर हात उचलला. टाकून गेली म्हणते!

 इतके वर्ष म्या त्या बाईले मनातल्या मनात शिव्या देल्ल्या, पोरगं तापानं फणफणलं का देल्ल्या, शाळेतून रडत आला का देल्ल्या. मले माईत नव्हतं. आन खरं सांगू, माईत असतं, तरी म्या त्याले देल्ला असता का वापस? नसता देल्ला.

गल्ल्यावरून नवरा म्हणे, काय झालं, पसंत नाही पडलं का? ती म्हणे, दाखवून राह्यली ना. मंग मले म्हणे, दिसे कसा तो? म्या मोबाईल काढला, गाडीच्या बोनेटवर बसून हासून राह्यला तो फोटो होता, तो दाखवला. तिनं असा पदराआड धरून पाह्यला. लय येळ पाह्यला. म्हणे, माह्या भावावर गेला, हुबेहूब. ताई, ते मले सुईसारखं टोचलं. इकडे लोकं म्हणत, मंगेश मायवर गेला, हाडापेरानं थोराड, आन मीबी तसंच समजो.

ती आली. तोंडाले ओढणी बांधून, एकटी, बसनं. रक्त देल्लं आन माह्याशी न बोलता निंघून गेली. आन या खेपेले जुळलं. मॅडमनं फोन करून सांगतलं, मावशी, तुमी म्हणत होत्या तेच खरं, मंगेशच आहे. म्या म्हणलं, मले तं त्याच दिवशी माईत होतं.

सचिनले पुन्हा धरलं. लॅबचे लोकं पेट्या घेऊन गाडी पाह्याले आले, तर गाडी कुठं? भंगारवाल्यापाशी दोन चाकं आन एक दार राह्यलं होतं. कोणत्या सांदीत औषध मारतील? मंग मोबाईलचं काढलं, का त्या दुपारी सचिनचा आन मंगेशचा मोबाईल एकाच टावरखाली होते, नालवाडीकडे, आन मंगेशचा तिथंच बंद झाला. सचिनचा वकील म्हणे, त्या टावरखाली आर्धं वर्धा येते, सगळ्याईले धरा. जमानत भेटली त्याले.

पेपरात छापून आलं, मृतकाची आई मंदा, राहणार हिंगणघाट. तिच्या पोरीचं जमलेलं मोडलं. ते तिनं मले सांगतलं, हाडं घ्याले गेलो त्या दिवशी. दवाखान्याच्या मांगं बाकावर बसलो होतो दोघी, तिचा नवरा दूर उभा, तोंड पाडून, पण आलता, ते कबूल कराव लागन. आतून माणूस आला, म्हणे, मंगेश भोयरची आई कोण? आमी दोघीबी उठलो. तो कागदात पाहून म्हणे, सख्खी. मी बसली.

सही तिची झाली. पांढऱ्या कपड्यातलं गाठोडं तिच्या हातात देल्लं. कवटी देल्ली नाही, ते कोर्टात लागते म्हणे. तिचा नवरा म्हणे, घरी न्याचं नाही, इथूनच घाटावर जाऊ. गाडीत बसताना तिनं ते माह्या मांडीवर ठेवलं, म्हणे, तुमी धरा. म्या धरलं. एवढा दांडगा पोरगा, दारातून वाकून ये, आन एवढंसं? मले रडू नाही आलं, राग आला. कोणावर आला ते नाही सांगता येत.

हिंगणघाटले वेणा नदीच्या घाटावर तिच्या नवऱ्याच्या पुतण्यानं आग देल्ली, ज्यानं त्याले कवा पाह्यलं नाही. गुरुजीनं आईचं नाव इचारलं, मंदा. ती जे रडली ना ताई, छाती पिटून पिटून, सगळ्या बाया तिच्याभोवती. तिचं रडणं खोटं नव्हतं, मी नाही म्हणणार खोटं. मी मांगं दगडावर उभी होती. एका बाईनं मले इचारलं, तुमी कोण लागता? म्या म्हणलं, मी आंजीची आहो.

कोर्टात माही साक्ष झाली. समन्सवर लिहिलं होतं, सावत्र आई. सचिनचा वकील म्हणे, तुमच्या रक्ताचा नाही हे तुमी पोलिसांपासून लपवलं. म्या म्हणलं, लपवलं नाही, कोणं इचारलं नाही. तो म्हणे, मंग मृतकाशी तुमचा संबंध काय? म्या सांगू लागली, गोवर, लिंब, दात, तर जज सायब म्हणे, बाई, इचारलं तेवढंच सांगा. तेवढंच म्हंजे केवढं? त्या मॅडमची बदली झाली. जाताना भेटून गेल्या, म्हणे, मावशी, रिपोर्ट पक्का आहे, केस उभी राहीन. पक्का असन. त्या मशीनले मी खोटं नाही म्हणत, ते जे पाह्यते तेच सांगते. पण त्याच्या एका कागदानं सचिनले गाडी तोडाले येळ देल्ला, आन दुसऱ्या कागदानं माहा पोरगा मले परत देल्ला नाही, दुसरीले देल्ला.

आता तारखा पडते, मी जातो. सचिन गावातच आहे, नवी गाडी आहे. त्याची माय अजून इथंच दळण आणते, गावात दुसरी चक्की नाही ना जवळ. आधी काही बोले नाही, डबा ठेवे, नजर खाली, दळण घेऊन जाये. मागच्या महिन्यात मले म्हणे, काऊन वेणूबाई माह्या लेकराच्या मांगं लागल्या, तो तं तुमचा नव्हताच.

म्या तिच्या डब्याचं झाकण काढलं. म्हणलं, बारीक का जाडं? ती म्हणे, बारीक. देल्लं दळून बारीक.

पण ती गेल्यावर मी चक्कीच्या दाराले हात लावून उभी होती तवा देवाले म्हणलं, आन तुमच्यासमोरबी म्हणतो ताई, लिहा तुमी: त्या सचिनले मरण नोको देऊ. त्याले लंबी उमर भेटो, त्याच्या मायलेबी भेटो. सारी उमर त्याची आतमधी जावो, आन तिनं दर महिन्याले डबा घेऊन त्याले पाह्याले जावं.